कावळ्याच्या वाटचं पान

चंद्रमौळीला मरून दहा वर्षं झाली होती, आणि तो रोज पहाटे अरसलार नदीवर आंघोळ करून पोरांना शिकवायला बसत होता. हसू नका. कुंभकोणमच्या मराठी गल्लीत कुणालाही विचारा, तो हेच सांगेल, की दफ्तरदारांचा थोरला गेला, वैशाख शुद्ध दशमीला गेला. सांगताना डोळ्याला उपरणंही लावेल. आणि तोच थोरला बाजारात समोरून आला, की हा गृहस्थ रस्ता बदलेल.

तंजावरचं राज्य सरकारनं खालसा केलं, त्याच्या चौथ्या वर्षी हे मरण झालं. चंद्रमौळी तेव्हा चोवीस वर्षांचा. मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकायला गेला, तो शिकता शिकता येशूच्या पायाशी जाऊन बसला. लोक म्हणाले, पैशाला भुलला. कसला पैसा! पंतोजीच्या पगारात महिन्याचा तांदूळ भागत नव्हता. बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्रीसाहेबांनी विचारलं, नवं नाव काय ठेवायचं? हा म्हणाला, "नाव आईनं ठेवलंय. ते असू द्या." तेव्हा डोईवर चंद्र मिरवणाऱ्या शंकराचं नाव घेऊनच हा माणूस ख्रिस्ती झाला, आणि ते नाव दोन्हीकडच्या लोकांना कायम खुपत राहिलं.

वडील आधीच वारले होते. घरच्यांनी घटस्फोट केला. नवराबायकोचा नव्हे हो, जिवंत माणसाच्या नावानं पाणी सोडायचा. भरला घडा दक्षिणेला ठेवला, दासीनं तो लाथेनं उलथला, धाकट्या मुकुंदरावानं स्नान केलं, आणि थोरला भाऊ मेला. अशा माणसाचं शास्त्राप्रमाणे पुढं काहीही करायचं नसतं, श्राद्धदेखील नाही. पण वर्ष सरलं आणि त्याची आई, मीनाक्षीबाई, पुरोहितासमोर येऊन उभी राहिली.

"मेला म्हणता ना? मग मेलेल्याचं दरवर्षी करतात ते करा. की अर्धाच मेलाय?"

पुरोहितानं पोथ्या काढल्या, मुकुंदरावानं हात जोडले. म्हातारी हटेना. ती घरातून निघाली असती, पण शब्दावरून हटली नसती. शेवटी सगळे थकले, आणि दर वैशाख शुद्ध दशमीला चंद्रमौळीचं श्राद्ध होऊ लागलं.

त्या पहिल्या श्राद्धाला चंद्रमौळी स्वतः गेला होता. रागानं गेला होता. आपण जिवंत असताना आपले पिंड कसे पाडतात ते बघू, म्हणून घरामागच्या बोळात नारळाच्या आडोशाला उभा राहिला. परसाची भिंत कमरेएवढीच होती. दुपारी आई कावळ्याचं पान घेऊन बाहेर आली, ते तिनं भिंतीवर ठेवलं, आणि चंद्रमौळीनं पाहिलं तर पानावर शेवग्याच्या शेंगांचं सांबार. आता श्राद्धाला शेवगा चालत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. पण चंद्रमौळीला लहानपणापासून दुसरं काही आवडतच नव्हतं. शेंगा चोखून चोखून तो पानाच्या कडेला ढीग लावायचा आणि आई म्हणायची, "पुरे कर रे, दात झिजतील."

तेव्हा त्याला कळलं. वर्षातून एक दिवस आपल्याला रांधून घालता यावं, एवढ्यासाठी हिनं आपलं श्राद्ध मागून घेतलंय. राग कुठल्या कुठे गेला. तो तोंडात उपरणं कोंबून रडला. समोरच्या पिंपळावरून कावळा आला, त्यानं सांबारात चोच बुडवली, आई आत वळून ओरडली, "शिवला गं कावळा, पानं वाढा!" आणि घर जेवायला बसलं. पुढं दरवर्षी तो त्या बोळात जाऊन उभा राहायचा. आई एकदाही त्याच्याकडे बघायची नाही. कावळा नऊ वर्षं त्याच्या वाटचं सांबार खात होता, आणि खरं सांगायचं तर चंद्रमौळीला त्या कावळ्याचा हेवा वाटे.

ही नऊ वर्षं कशी गेली म्हणाल, तर दगडावर पेरल्यासारखी. बायको गोमती. बाप्तिस्म्याच्या दुसऱ्याच दिवशी तिच्या वडिलांनी तिला तंजावरला नेलं. त्यानं मोडीत पत्रं लिहिली, ती न फोडता परत आली. चौथ्या वर्षी ती पटकीनं गेली. ते त्याला तीन महिन्यांनी कळलं, तेही बाजारात, एका नारळवाल्याकडून. त्या दिवशी त्यानं प्रार्थना केली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी गुडघे टेकले आणि म्हणाला, "मी तुझ्यावर फार रागावलोय. पण बोलायला दुसरं कोण आहे मला?" आणि तिथून पुन्हा सुरुवात केली.

शाळेचं तसंच. नदीपलीकडं, साक्कोट्टैच्या वाटेवर, ख्रिस्ती झालेल्या गरीब मजुरांची वस्ती होती. तिथं त्यानं नारळाच्या झापांची एक खोपी बांधून पोरं जमवली. ब्राह्मणाचा मुलगा या वस्तीत राहतो, इथलं पाणी पितो, हे वस्तीलाही पचायला दोन वर्षं लागली. मग शाळा भरू लागली, तर कुणीतरी खोपीला आग लावली. पुन्हा बांधली, ती पुरात गेली. तेव्हापासून शाळा चिंचेखाली भरायची. सवरिमुत्तू नावाचा पानमळ्यातला मजूर होता, त्याच्या दोन मुली सगळ्यात पुढं बसत. मुलींना कशाला शिकवतोस म्हणून सवरिमुत्तूला त्याचे भाऊ हसत, आणि तो त्यांना ऐकवायचा, "माझा अंगठा शाईनं काळा झालाय तेवढा पुरे."

चंद्रमौळी स्वतः रांधून खायचा. कधी भात, कधी नुसती पेज. पण जेवणाआधी मुंडासं काढून मांडीवर ठेवायचा, डोळे मिटायचा आणि नेहमीचे चार शब्द बोलायचा: "बापा, तू दिलंस म्हणून आहे. जिनं रांधलं तिला सुखी ठेव. येशूच्या नावानं, आमेन." सवरिमुत्तू त्याला तमिळ रीतीनं आदराचं 'अय्या' म्हणे. एकदा तो हसून म्हणाला, "अय्या, रांधलंत तर तुम्हीच! ही 'जिनं' कोण?" चंद्रमौळीनं पेजेचं भांडं पुढं ओढलं. त्यानंतर सवरिमुत्तूनं पुन्हा विचारलं नाही.

आणि मग दहाव्या वर्षी एकदाचं दैव फिरलं. मिशननं विटांची शाळा मंजूर केली. विटा येऊन चिंचेखाली रचल्यासुद्धा. वैशाखी पुनवेनंतरच्या सोमवारी पाद्रीसाहेब येऊन पहिला दगड बसवणार होते. सवरिमुत्तूच्या मुली रोज सकाळी त्या विटांवरची धूळ फडक्यानं पुसायच्या. फक्त एक होतं. मिशनच्या सगळ्या शिक्षकांकडून पाद्रीसाहेबांनी त्या साली एका कागदावर सही घेतली होती, की मूर्तीच्या प्रसादाला आणि श्राद्धाच्या अन्नाला आम्ही शिवणार नाही. शिवलं तर नोकरी जाईल आणि रविवारच्या प्रभुभोजनाला, भाकर नि द्राक्षरस घ्यायला, बसता येणार नाही. चंद्रमौळीनं सही केली. त्याला कोण श्राद्धाला बोलावणार होतं?

त्याच चैत्रात नवी सडक काढायची म्हणून सरकारनं बोळातला पिंपळ तोडला. शंभर वर्षांचं झाड दोन दिवसांत आडवं झालं. कावळे दोन दिवस आकाशात ओरडत फिरले आणि कुठं गेले कोण जाणे. दशमी आली. मीनाक्षीबाईनं पान ठेवलं. चंद्रमौळी नारळाच्या आडोशाला होताच. ऊन उतरू लागलं, सांबारावर साय धरली, पण एक कावळा येईना.

आतून मुकुंदरावाचा आवाज येत होता. तो कबुल्या देत होता बिचारा. "अण्णा, तुझ्या नावानं पाच ब्राह्मण जेवू घालीन. अण्णा, तुझी पुस्तकं रद्दीत देणार नाही." पान तसंच. शेवटी पुरोहित म्हणाला, दर्भाचा कावळा करून शिववू, शास्त्रात सोय आहे. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मीनाक्षीबाईनं तो गवताचा कावळा उचलून अंगणात भिरकावला.

"माझा लेक गवताचा नव्हता. खरा कावळा शिवेल तेव्हा मी जेवीन. तुम्ही जेवा."

चंद्रमौळी संध्याकाळी जड पायांनी वस्तीवर परतला. उद्या येईल एखादा कावळा, असं त्यानं मनाला समजावलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी शाळा भरली होती. वस्तीच्या तोंडाशी मुकुंदराव येऊन उभा राहिला. कचेरीतला कारकून तो, डोक्याला जरीची पगडी, अंगात कोट, आणि तोंड पाहावं तर तीन दिवसांचा तापकरी. दहा वर्षांत त्यानं भावाकडं डोळा उचलून पाहिलं नव्हतं. आता मेलेल्याशी बोलायचं कसं? त्यानं तोड काढली. तो चिंचेच्या झाडाकडं तोंड करून बोलू लागला.

"आमच्या घरी कावळा शिवत नाही. आईनं तीन दिवस अन्न घेतलेलं नाही. तीर्थाचं पाणी घेते, तेवढंच. महिन्यापूर्वी तिला ताप येऊन गेलाय. वैद्य म्हणतो, उद्यापर्यंत असंच राहिलं तर..." त्यानं पगडी सारखी केली. "रोज पुन्हा रांधते. उभं राहवत नाही, भिंत धरून रांधते. काल मी विचारलं, आई, अण्णाची इच्छा काय राहिली असेल? तर म्हणते, त्याला भूक लागलीय."

चंद्रमौळी उठून उभा राहिला होता. "मुकुंदा," तो म्हणाला.

"मी कुणाशी बोललो नाही," मुकुंदराव झाडाला म्हणाला, डोळे पुसले, आणि भराभर निघून गेला.

चंद्रमौळीनं पोरांना सुट्टी दिली आणि विटांच्या राशीवर बसला. सवरिमुत्तू मळ्यातून आला, त्याला पोरींनी सगळं सांगितलं होतं.

"कागदावर सही आहे ना, अय्या?"

"आहे."

"लपूनछपून जाल?"

"लपून गेलो तर मग मी दहा वर्षं काय केलं? गेलो तर साहेबांना सांगावं लागेल."

"म्हणजे सोमवारचा दगड गेला." सवरिमुत्तूनं एक वीट उचलली, उलटी करून पाहिली आणि जागेवर ठेवली. त्याचा चेहरा काळवंडला होता. तो चिडलाच होता, आणि त्याचं काय चुकलं? "दहा वर्षं, अय्या! आग लागली, पूर आला, आम्ही गप्प राहिलो. आता छप्पर दारात आलंय. माझ्या पोरींचं वय थांबून राहणार आहे का?"

चंद्रमौळीनं मान खाली घातली. तिथंच बसल्या बसल्या त्यानं प्रार्थना करून पाहिली. शब्द सुचेनात. एवढंच पुनःपुन्हा मनात येत होतं, की मी तुझ्यासाठी सगळं सोडलं, ते तू घेतलंस, मी हूं की चूं केलं नाही; पण तुझ्या नावानं म्हातारीला उपाशी मार, असं तू मला कधी सांगितलेलं नाहीस. आणि ज्यानं वधस्तंभावर टांगलेला असतानाही आपल्या आईची सोय लावली, तो असं सांगणारही नाही.

त्यानं डोळे उघडले तर सवरिमुत्तू अजून तिथंच.

"दुपार व्हायला आलीय, अय्या," तो खरखरीत आवाजात म्हणाला. "म्हातारी पान ठेवील आता. जायचं तर जा ना. मी काय तुमचे पाय धरलेत?"

नदीत कडेची डबकी तेवढी उरली होती, वाळू नुसती भाजत होती. चंद्रमौळी अनवाणी ती तुडवत गेला. बोळात आला तेव्हा पान भिंतीवर ठेवलेलं होतं. आई भिंतीच्या आत, जमिनीवर बसली होती, भिंतीकडं पाठ करून. एवढीशी झाली होती. पाठीचे मणके लुगड्यातून मोजता आले असते. आज पहिल्यांदाच तो नारळाच्या आडोशाला थांबला नाही. सरळ भिंतीपाशी गेला.

पाऊल वाजलं. म्हातारीची पाठ ताठ झाली. पण ती वळली नाही. मेलेल्याला बघत नाहीत.

पानावर भात होता, उडदाचे वडे होते, खीर होती, आणि शेंगांचं सांबार. शेजारी पाण्याचं फुलपात्र. कावळ्याला कुणी फुलपात्र ठेवतं का हो? ते बघून त्याचा धीर सुटला. मग मुंडासं काढून काखेत धरलं आणि डोळे मिटले. मनातल्या मनात बोलता आलं असतं. पण आपण कोण आहोत हे लपवून आईच्या हातचं खायचं नाही, असं त्यानं वाटेतच ठरवलं होतं. तो मोठ्यानं म्हणाला, रोज म्हणायचा तेच:

"बापा, तू दिलंस म्हणून आहे. जिनं रांधलं तिला सुखी ठेव. येशूच्या नावानं, आमेन."

आत काही वेळ काहीच हाललं नाही. चंद्रमौळीला वाटलं, संपलं. आता ही उठेल आणि पान फेकून देईल. मग म्हातारी हळूच बोलली, समोरच्या विहिरीकडं बघत, कुणालाच उद्देशून नाही असं.

"रोज म्हणतोस?"

"रोज, आई."

"दहा वर्षं?"

"हो."

"मग जेव आता. गार झालंय सगळं."

तो उभ्यानं जेवला. सांबार मनगटावरून ओघळत होतं. मीठ जास्त पडलं होतं. तीन दिवसांच्या उपाशी बाईच्या हाताला अंदाज कुठला राहणार? त्यानं एक एक शेंग चोखली आणि पानाच्या कडेला ढीग लावला. फुलपात्रातलं पाणी वरून ओतून प्यायला. म्हातारी पाठमोरी ऐकत होती. तिचे खांदे हालत होते.

"पुरे कर रे," ती म्हणाली, "दात झिजतील."

आणि मग भिंतीचा आधार घेऊन ती उठली, पदरानं तोंड पुसलं, आणि घराकडं तोंड करून असा आवाज दिला, की आजारी बाई आहे हे कुणाला पटलं नसतं.

"शिवला रे कावळा! मुकुंदा, पान वाढ मला!"

चंद्रमौळीनं दुसऱ्याच दिवशी पाद्रीसाहेबांना गाठून सगळं सांगितलं. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी सहीचा कागद काढून समोर ठेवला आणि विचारलं, "पश्चात्ताप होतो का?" त्यानं 'होतो' म्हटलं असतं, तर प्रकरण तिथंच मिटलं असतं. तो म्हणाला, "आईला उपाशी ठेवलं असतं तर झाला असता." साहेबांनी उसासा टाकला. नोकरी गेली. सहा महिने प्रभुभोजनाला बंदी झाली. विटा गाड्यांत भरून दुसऱ्या गावाला गेल्या, आणि सवरिमुत्तूच्या मुली गाड्या दिसेनाशा होईपर्यंत वाटेवर उभ्या होत्या.

ते बघून चंद्रमौळी खचला, नाही कशाला म्हणू? पण मंगळवारी सकाळी चिंचेखाली शाळा भरली. पगार नव्हता, फळा तेवढा होता. सहा महिने तो मिशनच्या देवळात शेवटच्या रांगेत बसला. भाकर आणि द्राक्षरस पुढं जायचा, तो बसून राहायचा, पण एक रविवार त्यानं चुकवला नाही. पावसाळ्याच्या तोंडाशी सवरिमुत्तू नारळाच्या झापांचा भारा डोक्यावर घेऊन आला आणि चिंचेखाली खांब पुरू लागला. संध्याकाळपर्यंत त्याचे हसणारे भाऊही मदतीला आले. तिसऱ्यांदा खोपी उभी राहिली.

वर्ष फिरलं. वैशाख शुद्ध दशमी आली. कावळे एव्हाना शेजारच्या आंब्यावर रुळले होते. मीनाक्षीबाईनं भिंतीवर पान ठेवलं न ठेवलं, तोच एक धटिंगण कावळा धपकन उतरला आणि त्यानं वडा पळवला.

दारातून मुकुंदराव म्हणाला, "आई, शिवला. पानं वाढू का?"

म्हातारीनं काठी उगारून कावळ्याला हुसकलं. पानावरचा भात नीट सारखा केला, फुलपात्र पुन्हा काठोकाठ भरलं.

"तो कुठला शिवतोय! तो आपला असाच कुणीतरी भुकेला आहे," ती म्हणाली. "थांबा जरा. कावळा यायचाय अजून."

मुकुंदरावानं बोळाकडं एकदा पाहिलं आणि निमूट आत जाऊन दार ओढून घेतलं. म्हातारी भिंतीकडं पाठ करून बसली. नारळाच्या आडोशाला चंद्रमौळीनं मुंडासं काढून काखेत धरलं, आणि तो पुढं झाला.